केसपेपर कोणाचा?

आपल्या घरातल्या लोखंडी पेटीत जपून ठेवलेला एखादा मृत्यूचा दाखला काढून पाहा. त्यावर नाव आहे, तारीख आहे, ठिकाण आहे, नोंदणी क्रमांक आहे, निबंधकाची सही आणि शिक्काही आहे. एकच गोष्ट नाही. माणूस कशाने गेला, ते कुठेही लिहिलेले नाही. ही कारकुनाची चूक नव्हे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमातच तसे सांगितले आहे. मृत्यूचे कारण सरकारी नोंदवहीत लिहायचे, पण लोकांना दिल्या जाणाऱ्या उताऱ्यात ते उघड करायचे नाही. आजार कोणता होता हे सरकारला कळले पाहिजे, नाहीतर साथ आलेली समजणार नाही. पण ते गावाला कळण्याची गरज नाही. दाखल्यात सोडलेल्या या एवढ्याशा जागेमागे मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या खान्देशाचाही वाटा आहे.

रुग्णाची गोष्ट बाहेर जाऊ नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकीची दीक्षा देताना काही नियम घालून देतो. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नकोस, हा त्यातलाच एक. गावचा वैद्य, सुईण, हाड बसवणारा माणूस, या सगळ्यांना घराघरातले बरेच काही माहीत असायचे. ते प्रत्येक वेळी गुप्त राहत होते असे नाही, गावात कुजबूज असतेच. पण कुजबूज हवेत विरते. ती कागदावर नव्हती. कुणाला काय झाले होते हे पन्नास वर्षांनी कागद काढून सिद्ध करता येत नव्हते. आजाराला कागद चिकटला तो इंग्रजी अमलात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव जन्ममृत्यूची नोंद होऊ लागली. पाटील-कोतवालांमार्फत होणारी ही नोंद आपण आजही 'कोतवाल बुक' म्हणून ओळखतो. महसुली भाषेत तो गाव नमुना १४. जुन्या नोंदी बहुतेक मोडीत आहेत. मृत्यूच्या नोंदीत नाव, जात, वय आणि कारण. कारणांची यादी ठरलेली आणि छोटी : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. पुढे त्यात प्लेगची भर पडली. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. घरचे सांगतील ते, किंवा त्याला वाटेल ते, असा हिशेब होता. वर जाणाऱ्या आकड्यात नाव नसे, फक्त संख्या असे. पण मूळ वही गावातच राहत होती आणि तिच्यात नाव होते.

मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा, पण त्याने सरकारला घरात शिरण्याची, प्रवाशाला तपासण्याची, रुग्णाला उचलून वेगळे ठेवण्याची मुभा दिली. आजार ही तोवर घरातली बाब होती, ती आता चव्हाट्यावर आली. मुंबईत प्लेगची लागण झालेल्या घरांच्या दारांवर वर्तुळे रंगवली गेली. रेल्वे स्थानकांवर गाड्या थांबवून प्रवाशांना फलाटावर उतरवत आणि काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासत. बायकांची अशी तपासणी चारचौघांत होते, यावरून किती संताप उसळला असेल ते सांगायला नको. पुण्यात रँडच्या कारकिर्दीतल्या घरझडत्यांचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता.

खान्देशाला या साथीने वगळले नाही. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे १८६० च्या दशकातच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबईशी जोडली गेली होती. कापसाच्या गाठी ज्या वाटेने मुंबईला जात, त्याच वाटेने माणसे आणि त्यांच्यासोबत रोग परत येई. १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व खान्देशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. त्या काळात प्लेग हा इथल्या आयुष्याचाच भाग होता. लोक गाव सोडून मळ्यात, माळावर झोपड्या घालून राहत. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यात हा रोग 'पिलोक' या नावाने येतो. सरकारी अहवालात जो आकडा आहे, तो त्यांच्या गाण्यात उजाड झालेले गाव म्हणून दिसतो.

त्या काळातल्या प्लेग अधिकाऱ्यांची एक तक्रार सतत आढळते : लोक रुग्ण लपवतात. गाठ आलेला माणूस माळ्यावर, धान्याच्या कोठारात दडवतात. प्रेत रातोरात हलवतात. अधिकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला. पण लोकांच्या बाजूने पाहा. नाव सांगितले की माणूस उचलून नेणार, घरातले सामान जाळणार, दारावर खूण करणार, घरच्या बाईला परक्या माणसासमोर उभे करणार. अशा वेळी लपवणे हाच शहाणपणा ठरत होता. आणि लपवल्यामुळे साथ अधिकच पसरत होती. शेवटी सरकारलाही हे उमगले. १८९८ नंतर सक्तीची धार हळूहळू कमी झाली, जातीजमातींना आपापली रुग्णालये काढू दिली गेली, समजुतीवर भर आला. हिंदुस्थानात या साथीने पुढच्या तीनेक दशकांत सुमारे १ कोटी २० लाख बळी घेतले, असा अंदाज आहे. रुग्णाची अब्रू राखली नाही तर रोगाचा माग लागत नाही, हे त्या मृत्यूंनी शिकवले. गुप्तता ही सार्वजनिक आरोग्याच्या आड येते असे आजही काहींना वाटते. प्लेगचा अनुभव नेमका उलटा आहे.

महारोगाच्या बाबतीत तर नोंद हीच शिक्षा झाली. १८९८ च्या कुष्ठरोग कायद्याने निराधार कुष्ठरुग्णाला पोलिसांकरवी पकडून आश्रमात ठेवता येत होते. एकदा कपाळी शिक्का बसला की तो पुसणे नाही. औषधे आली, बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कायद्याच्या पुस्तकातला शिक्का कायम होता. तो केंद्रीय कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरले जात होते, ते कलम २०१९ साली वगळले गेले. म्हणजे रोग बरा होत होता सहा महिन्यांत किंवा वर्षभरात, आणि कायदा मात्र बरा झाला शंभरावर वर्षांनी!

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काही फार विचारपूर्वक केलेले नियमही झाले, त्यांची आठवण क्वचितच काढली जाते. मृत्यूच्या दाखल्याचे सुरुवातीला सांगितलेच. दुसरे उदाहरण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचे. त्याखालच्या १९७५ च्या विनियमांत असे आहे की गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीचे नाव फक्त एकाच, गोपनीय प्रवेश नोंदवहीत लिहायचे. शस्त्रक्रियागृहाची वही, केसपेपर, पुन्हा तपासणीला यायचे कार्ड, यांपैकी कुठेही नाव घालायचे नाही. फक्त अनुक्रमांक घालायचा. संमतीचा कागद पाकिटात बंद करून त्यावर 'गोपनीय' असे लिहायचे. संगणक दृष्टीसही पडत नव्हता त्या काळात, केवळ एक वही आणि एक अनुक्रमांक यांच्या जोरावर बाईची अब्रू राखण्याची ही युक्ती. नोंद आहे, हिशेब आहे, तरी वॉर्डातून जाणाऱ्या-येणाऱ्याला नाव कळत नाही. नियम चांगला होता. तो तालुक्याच्या दवाखान्यात किती पाळला गेला, हा प्रश्न वेगळा.

एड्सने हाच प्रश्न पुन्हा उभा केला, आणि अधिक तीव्रतेने. आपले धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन जुन्या महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले शहर. ट्रकचालक, क्लीनर, धाबे यांच्या या वाटेवर एचआयव्हीची भीती नव्वदच्या दशकात फार मोठी होती. चाचणीचा निकाल फुटला तर नोकरी, सोयरीक, भाड्याची खोली, सगळेच जाई. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही असल्याचे कळल्यावर एका सार्वजनिक कंपनीने त्याला काम नाकारले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिलाच, पण आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली : त्याला खरे नाव न देता लढू दिले. निकालाच्या कागदावर तो फक्त 'एमएक्स' आहे. न्याय मागायचा तर आधी स्वतःची बेअब्रू करून घे, ही अट न्यायालयाने काढून टाकली.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दुसरे टोक दिसले. एका रुग्णालयाने रक्तदात्याचा एचआयव्ही अहवाल उघड केला आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालय म्हणाले, गुप्ततेचा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. जिच्याशी लग्न ठरले तिच्याही जिवाचा प्रश्न आहे. त्या निकालात लग्नाच्या हक्काविषयी जी जादा विधाने झाली होती, ती अनावश्यक होती असे २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले. या सगळ्या घुसळणीतून २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, जोडीदाराला सांगायचे तर कोणी आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्यात नेमके लिहिले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोही याच वर्षी.

आता जरा सातपुड्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, पण डोंगर तोच आणि माणसे तीच. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी या आजारावर आदिवासी भागात अनेक वर्षे काम केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तीत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर हाती कार्ड मिळते : निरोगी, वाहक की रुग्ण. वाहक माणूस स्वतः आजारी नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी कार्ड पाहा, असा सल्ला देतात. सल्ला शास्त्रीयच आहे. मात्र कार्ड पाहायचे कोणी? त्या दोघांनी, की साऱ्या पाड्याने? दोष दोघांत सारखा असला तरी 'हिच्यात खोट आहे' असे मुलीबद्दलच आधी बोलले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. कार्ड हातात देताना आरोग्यसेविका दार लावून बोलते की शाळेच्या व्हरांड्यात नाव पुकारते, एवढ्या लहान गोष्टीवर एका मुलीचे आयुष्य अवलंबून असू शकते. आणि नाव पुकारले जाते असे एकदा कळले, की पुढच्या शिबिराला कोण येईल? प्लेगच्या वेळी माळ्यावर रुग्ण लपवणारे लोक आठवा.

इथवर गुप्ततेची बाजू झाली. पण तिचीच दुसरी बाजू अशी, की जो कागद लोकांपासून लपवायचा, तो खुद्द रुग्णापासून लपवायचा नाही. आपल्याकडे बराच काळ उलटेच होते. केसपेपर वॉर्डात कुणीही चाळावा, पण रुग्णाने मागितला की 'तो दवाखान्याचा आहे' असे उत्तर. नव्वदच्या दशकात रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कागदपत्रांच्या प्रती द्याव्याच लागतील. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने हे नियमात आणले : दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. हा नियम आजही लागू आहे. त्याच आचारसंहितेत रुग्णाचे गुपित फोडण्यालाही मनाई आहे.

२०२० च्या कोरोनाने या दोन्ही बाजूंची परीक्षा घेतली. १३ मार्चपासून महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. घरी विलगीकरणात राहायचे त्याच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का आला. गावोगाव बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या. घरांवर फलक लागले. सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश असल्याशिवाय ते लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. दारावरच्या वर्तुळाला सव्वाशे वर्षे झाली होती. आणि त्याच जून महिन्यात जळगावच्या कोविड रुग्णालयात दाखल झालेली एक वृद्ध महिला आठ दिवस बेपत्ता होती आणि शेवटी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. ज्या दिवसांत बाधितांची नावे गल्लोगल्ली फिरत होती, त्याच दिवसांत वॉर्डातला माणूस कुठे आहे हे नोंद सांगू शकत नव्हती. नाव सर्वांना ठाऊक आणि माणूस कुणालाच नाही! नोंद कशासाठी ठेवायची याचाच विसर पडला, की असे होते.

पुढे २०२१ साली आणखी एक पेच आला. कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह साहाय्य ठरले, पण दाखल्यावर कारण नव्हते, आणि रुग्णालयाच्या कागदात कधी न्यूमोनिया, कधी हृदयविकार लिहिलेला. मग वेगळे प्रमाणपत्र, वेगळी समिती. जे कारण इतकी वर्षे अब्रूसाठी झाकले होते, तेच आता विधवेला हक्कासाठी हवे होते. म्हणून नोंद झाकावी की उघडावी, असा सरसकट प्रश्नच चुकीचा आहे. ती कुणापासून झाकावी आणि कुणासाठी उघडावी, असे विचारले पाहिजे. आणि उघडण्याची किल्ली शक्यतो त्या माणसाकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे असावी.

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याची इथे थोडी अडचण होते. धुळे हे राजवाड्यांचे गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली इथेच गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. वाण्याच्या दुकानात पुड्यांसाठी जाणारा जुना कागद वाचवणे, हा त्यांनी घालून दिलेला संस्कार. प्रत्येक चिटोरा जपावा असे आम्हाला वाटते. जुनी कोतवाल बुके नसती तर खान्देशातल्या साथींचा इतिहास लिहिता आला नसता. पण तीच बुके २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी बाहेर निघाली आणि अनेक जिल्ह्यांत त्यांची पाने छायाचित्रित झाली. मृत्यू मोजण्यासाठी केलेली वही शंभर वर्षांनी जातीचा पुरावा झाली. यात लोकांचा फायदा झाला, तक्रार नाही. मात्र त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : एका कामासाठी केलेली नोंद पुढे कोणत्या कामाला लागेल, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते. शंभर वर्षांनंतर त्या पानावरच्या पटकीने कुणाचे लग्न मोडत नाही. कालच्या चाचणीच्या अहवालाने मोडू शकते.

जिवंत माणसाच्या कागदाला तर रद्दीचे भय वेगळेच. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुग्णांची नावे असलेल्या कागदाच्या खाण्याच्या प्लेट झाल्याचे दिसले. जुने सीटी स्कॅनचे कागद रद्दीत दिले होते, असा खुलासा झाला. राजवाड्यांनी रद्दीतून कागद वाचवायला शिकवले. रुग्णालयांनी मुदत संपलेला कागद फाडून, जाळून रीतसर नष्ट करायला शिकले पाहिजे.

आता कागदाची जागा संगणक घेतो आहे. सप्टेंबर २०२१ पासून चौदा आकडी आरोग्य क्रमांकाची योजना देशभर सुरू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा हाताने कागद लिहावे लागले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हे चांगलेच आहे. पण जळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढायला रांगेत उभी असलेली बाई कायद्याची कलमे वाचून येत नाही. तिच्या दृष्टीने खिडकीत बसलेला माणूस 'काय होतंय?' हे किती मोठ्याने विचारतो आणि तिच्या मागे किती माणसे उभी आहेत, यावर सगळे ठरते. तेव्हा खिडकीपुढची रांग दोन हात मागे सरकवता येते. नावाऐवजी क्रमांक पुकारता येतो. आरोग्य क्रमांक मागितला तर 'कशासाठी?' असे विचारता येते. तो घेणे ऐच्छिक आहे. घरी जाताना आपल्या कागदांची प्रत मागून घेता येते. यातले काहीही करायला नवा कायदा लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)